अपठित उतारा : एका परीक्षेची पूर्वपीठिका

पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षांत इंग्रजी उताऱ्याला आज जे स्थान लाभले आहे, ते पाहून हा प्रकार अगदी अलीकडचा असावा, असा कोणाचाही समज होईल. व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थांसाठी घेतली जाणारी ‘कॅट’ ही परीक्षा घ्यावी. २०२४ साली तिच्या भाषाविभागात २४ प्रश्न होते. त्यांपैकी १६ प्रश्न चार अपठित उताऱ्यांवर होते आणि सर्व विभागास मिळून ४० मिनिटे होती. उतारा विद्यार्थ्याने पूर्वी पाहिलेला नसतो, त्याचा विषय कोणताही असू शकतो, आणि उत्तर लिहावयाचे नसून चार पर्यायांतून निवडावयाचे असते. ही परीक्षा नेमके काय तपासते, ती आली कोठून आणि तिच्यासाठी आपल्या विद्यार्थ्यांस तयार करावयाचे ते कसे, ह्या तीन प्रश्नांचा विचार एका विशिष्ट भूभागाच्या संदर्भात करण्याचे योजिले आहे. तो भूभाग म्हणजे पांढुर्णा व सौंसर.

ही दोन्ही गावे सातपुड्याच्या दक्षिणेस, नागपूरच्या उत्तरेस वसलेली आहेत. व्यापार, सोयरीक आणि संत्र्याचा बाजार ह्या सर्व बाबतींत त्यांचे तोंड नागपूरकडे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला. त्याबरोबर हे दोन मराठी तालुकेही राहिले. २०२३ साली त्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. येथील पुष्कळ मुलांची स्थिती अशी की, घरात मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी, आणि उच्च शिक्षणाच्या दाराशी इंग्रजी. उतारा त्यांच्यासमोर येतो तो तिसऱ्या भाषेत. ह्या मुलांचे इंग्रजी कच्चे असल्यामुळे ती मागे पडतात, असे निदान सहज केले जाते. ते अर्धेच खरे आहे, असे मला वाटते. आणि अर्धे निदान झाले की औषधही अर्धेच मिळते.

प्रथम परीक्षेचा इतिहास पाहू. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली आणि प्रवेशपरीक्षा ही संस्था आपल्याकडे रूढ झाली. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. मध्यप्रांतात उच्च शिक्षण त्यानंतर आले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ साली आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली निघाले. आरंभी त्यांच्या परीक्षा कलकत्ता विद्यापीठाच्या असत. नागपूर विद्यापीठ १९२३ साली व सागर विद्यापीठ १९४६ साली स्थापन झाले. छिंदवाडा जिल्ह्यातील महाविद्यालये पुढे दीर्घ काळ सागरशी संलग्न होती. २०१९ साली छिंदवाड्यास स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. राजा शंकर शाह यांचे नाव त्यास आता देण्यात आले आहे. विद्यापीठे अशी बदलत गेली, परंतु इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागे तो लागतच राहिला.

तो ओलांडण्याची आपली जुनी रीत भाषांतराची होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. नियम सांगावा, शब्द द्यावेत, वाक्ये मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करून घ्यावीत, अशी ही पद्धती. तिने वाक्यरचनेची पकड दिली, शब्दांविषयी आदर दिला. ह्या उपकारांस कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिची मर्यादाही स्पष्ट आहे. तिचे परिमाण वाक्य हे होय. दहा वाक्ये एकापुढे एक आली असता त्यांतून जो एक विचार उभा राहतो, त्याच्याकडे पाहावयास ती शिकवीत नाही. शिवाय नेमलेल्या पुस्तकांवर टीपा आणि मार्गदर्शिका निघाल्या, आणि न समजता उत्तरे पाठ करता येऊ लागली. १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने ह्या घोकंपट्टीवर कठोर टीका केली होती. न नेमलेला, पूर्वी न वाचलेला उतारा हा ह्या रोगावरचा उतारा होय, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्याच सुमारास अमेरिकेत दुसरा एक प्रवाह सुरू झाला. कॅन्सस येथील फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. उत्तर लिहून घेण्याऐवजी दिलेल्या पर्यायांवर खूण करण्याची पद्धत तिने रूढ केली. आज सर्वत्र दिसणाऱ्या पर्यायी प्रश्नांचा उगम वाचनाच्या चाचणीत आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९१७ साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी परिच्छेद वाचताना मुलांच्या ज्या चुका होतात, त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की, परिच्छेद वाचणे हे गणित सोडविण्यासारखे आहे: प्रत्येक शब्दास योग्य तेवढेच वजन द्यावे लागते. मुले चुकतात ती शब्द न कळल्यामुळे जितकी, तितकीच एखाद्या शब्दाने त्यांचे मन प्रमाणाबाहेर वेधून घेतल्यामुळे.

तिसरा प्रवाह आपल्याच देशातला. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील द्विभाषिकतेवरील आपला ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध केला. भारतीय विद्यार्थ्यास इंग्रजीची गरज प्रथम वाचण्यासाठी आहे, बोलण्यासाठी नंतर, असे त्यांनी प्रतिपादिले आणि मोजक्या शब्दांची वाचनपुस्तके तयार केली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) इंग्रजीस ग्रंथालयाची भाषा म्हणून जे स्थान दिले, त्यामागेही हाच विचार दिसतो. आजचा उतारा ह्या तिन्ही प्रवाहांच्या संगमावर उभा आहे. आमची तयारी मात्र बहुतांशी पहिल्याच प्रवाहात राहिली आहे: शब्दांच्या याद्या पाठ करावयाच्या, वाक्याचे मनातल्या मनात भाषांतर करावयाचे आणि मग घड्याळाकडे पाहून घाबरावयाचे.

वास्तविक तात्पर्य काढण्याची विद्या आपणांस परकी नाही. ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे, ह्याची गमके मीमांसकांनी फार पूर्वी सांगून ठेविली आहेत. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या आरंभीच त्यांचे विवेचन केले आणि त्यांच्याच आधारे गीतेचा निर्णय केला. आरंभ आणि शेवट कशाने झाला आहे. कोणती गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे. नवे असे काय आहे. त्याचे फळ कोणते. कोणता भाग केवळ स्तुतीचा किंवा उदाहरणाचा. आणि युक्तिवाद कोणत्या बाजूने केला आहे. परीक्षेतील ‘उताऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता’ ह्या प्रश्नास ह्याहून उत्तम साधन कोणते? उदाहरणास सिद्धान्त समजणे ही विद्यार्थ्यांची नित्याची चूक. मीमांसक तिला अर्थवादास विधी मानणे म्हणतील.

पांढुर्णा-सौंसरच्या मुलांपाशी आणखी एक भांडवल आहे. घरात ‘शिक्षा’ म्हणजे दंड, शाळेत ‘शिक्षा’ म्हणजे विद्या. घरात ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, शाळेत प्रयत्न. घरात ‘खाली’ म्हणजे तळाशी, शाळेत रिकामे. शब्द एकच, परंतु कोण बोलत आहे, कोणत्या प्रसंगी, मागेपुढे काय आले, हे पाहून ही मुले अर्थ ठरवितात आणि क्वचितच चुकतात. संदर्भावरून अर्थनिश्चय करणे हेच तर आकलन! दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यास हा अभ्यास लहानपणापासून घडतो. इंग्रजी पुस्तक उघडताच तो शब्दकोशाच्या स्वाधीन का व्हावा?

म्हणून शिक्षकांनी प्रथम निदान करावे. एखादा इंग्रजी उतारा घेऊन त्याचे मराठी वा हिंदी रूपांतर वर्गास द्यावे आणि तेच प्रश्न विचारावेत. स्वभाषेतही विद्यार्थी चुकला तर उणीव वाचनाची आहे. स्वभाषेत बरोबर आणि इंग्रजीत चूक, तर उणीव इंग्रजीची आहे. दोहोंचे उपचार भिन्न आहेत. पहिल्यास अधिक शब्द पाठ करावयास लावणे हे निरर्थक होय.

स्वभाषेतील उतारा कसा घ्यावा, ह्याचा एक नमुना मुद्दाम रचून येथे देतो. ‘रेल्वे आली तेव्हा बाजार वाढेल असे सर्वांस वाटले, आणि तो वाढलाही; परंतु गाडी जेथे थांबे तेथेच ही वाढ झाली. जेथून ती नुसती जाई, त्या गावांची जुनी पेठ उलट ओस पडली.’ प्रश्न : लेखकाचे म्हणणे काय? पर्याय चार : रेल्वेने व्यापार वाढला, रेल्वेने गावांचे नुकसान झाले, रेल्वेचा लाभ सर्वांस सारखा झाला नाही, रेल्वेऐवजी रस्ते हवे होते. पहिले दोन पर्याय खरे असूनही अपुरे आहेत; चौथा उताऱ्याबाहेरचा; तिसरा बरोबर. सर्व निर्णय ‘परंतु’ ह्या एका शब्दावर फिरला आहे. इंग्रजीत हेच काम ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘दो’ हे शब्द करतात; ‘हार्डली’ आणि ‘अनलेस’ ह्यांत नकार लपलेला असतो. शंभर अवघड शब्दांपेक्षा अशा वीस लहान शब्दांचा अभ्यास अधिक फलदायी ठरेल.

त्यानंतर इंग्रजी उताऱ्यांकडे वळावे. रोज एकच उतारा घ्यावा, तो न थांबता अखेरपर्यंत वाचावा आणि त्याचे तात्पर्य एका मराठी वाक्यात लिहावे. प्रश्न नंतर पाहावेत. प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा, हे बोलून दाखवावे : अपुरा, अतिव्यापक, उलटा की उताऱ्याबाहेरचा. घड्याळ काही आठवड्यांनी लावावे. कॅटच्या प्रमाणात एका उताऱ्यास सात-आठ मिनिटे येतात. गुणांचा हिशेबही समजावून द्यावा. बरोबर उत्तरास ३ गुण आणि चुकीस १ गुण वजा, असे असता चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याच्या हाती सरासरीने शून्य येते. परंतु एक पर्याय विचाराने बाद केला तर तीच सरासरी एक तृतीयांश गुण होते. वाचन अपुरे असले तरी ते व्यर्थ जात नाही, हे ह्या साध्या गणितावरून मुलांस पटेल.

परीक्षेची भाषा इंग्रजीच असावी काय, हा वाद न्याय्य आहे आणि तो चालू राहिला पाहिजे. परंतु वादाचा निकाल लागेपर्यंत ह्या वर्षीचा विद्यार्थी थांबू शकत नाही. त्यास इंग्रजी शिकवावयाचेच आहे. मात्र मराठीतील गंभीर गद्य लक्षपूर्वक वाचणे हा त्या शिक्षणाचा पाया होय, हे आपण शिक्षकांनी ओळखावे. पांढुर्णा-सौंसरच्या ज्या शाळा-महाविद्यालयांतून मराठीचा तास आजही होतो, तेथे आठवड्यातून एक दिवस एखाद्या निबंधाचे तात्पर्य काढण्यास दिला, तर त्याचा उपयोग मराठीसही होईल आणि इंग्रजी परीक्षेसही.