जेवणाबरोबर काय घेणार?

मोठ्या हॉटेलात गेलो की जेवणाच्या कार्डाआधी पेयांचे कार्ड हातात येते. चामडी वेष्टनाचे, वजनदार. वेटर अदबीने विचारतो, "जेवणाबरोबर काय घेणार?" आणि आपल्यापैकी बहुतेकांची तिथेच पंचाईत होते. फ्रान्स, इटली, चिली, ऑस्ट्रेलिया अशी सगळी नावे तिथे असतात. मासळीला पांढरी वाईन, मटणाला तांबडी, एवढे ऐकून माहीत असते. त्यामुळे हा प्रश्नच मुळी साहेबांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटून आपण 'साधे पाणी' म्हणून मोकळे होतो.

पण इतिहास थोडा चाळला तर चित्र वेगळे दिसते. जेवणाबरोबर काय प्यावे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. आयुर्वेदात त्याला स्वतंत्र शब्दच आहे, 'अनुपान'. आज आपण तो औषध मधातून घ्यायचे की दुधातून एवढ्यापुरता वापरतो, पण मुळात अन्नामागून घ्यायचे पेय असाही त्याचा अर्थ आहे. चरकसंहितेत त्याचा नियम दिला आहे. जे खाल्ले त्याच्या उलट गुणाचे पेय घ्यावे, मात्र ते शरीराला बाधक नसावे. सुश्रुत तर आणखी व्यवहारी. मांसाबरोबर, ज्यांना सवय आहे त्यांना मद्य चांगले आणि जे घेत नाहीत त्यांना पाणी किंवा आंबट फळांचा रस, असे तो सांगतो. पिणारा आणि न पिणारा, दोघांचीही सोय एकाच ठिकाणी! पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला. त्यात अन्नभोगाबरोबर पानीयभोगाचाही वेगळा विचार आहे. आपले गोव्याचे कदंब याच कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक, हे इथे आठवावे.

आता साहेबांकडे पाहू. कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाईन, हे शास्त्र आज जितके पुरातन वाटते तितके ते नाही. युरोपातल्या बड्या मेजवान्यांत पूर्वी बरेचसे पदार्थ एकदमच टेबलावर मांडले जात. एकामागून एक पदार्थ वाढण्याची 'रशियन पद्धत' पॅरिसमध्ये रुळली ती एकोणिसाव्या शतकात. एकेक पदार्थ वेगळा येऊ लागला तेव्हाच त्याच्या जोडीला वेगवेगळा पेला ठेवण्याची पद्धत पक्की झाली. म्हणजे ज्या नियमांना आपण बिचकतो त्यांचे वय दीड-दोनशे वर्षे.

आणि त्या वाईनना प्रतिष्ठा मिळाली ती केवळ चवीमुळे नव्हे. त्यामागे सरकारी कागद आहेत. १७५६ साली पोर्तुगालचा मंत्री मार्केश द पोंबाल याने दोरू नदीच्या खोऱ्यातील पोर्ट वाईनच्या प्रदेशाची हद्द आखून दिली. त्या हद्दीबाहेरच्या मालाला ते नाव लावायची सोय राहिली नाही. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून बोर्दोच्या मद्यांची प्रतवारी तयार झाली. तांबड्या वाईनचे पाच वर्ग ठरले. ती यादी एखाददुसरा फेरफार सोडल्यास आजही चालू आहे आणि जगभरच्या हॉटेलांच्या कार्डावरचे भाव अजून तिच्याकडे बघून ठरतात.

त्याच काळात आपल्या गोव्याच्या पेयाचे काय झाले?

१५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात माडाची सूर आणि ती गाळून काढलेली दारू यांची माहिती आहे. तिच्यातल्या सरस प्रकाराला 'फुल' म्हणत, असे तो नोंदवतो. काजूचा मात्र त्या ग्रंथात उल्लेख नाही. ब्राझीलहून आलेले हे झाड तेव्हा इथे रुजलेले नसावे. म्हणजे माडाची दारू थोरली आणि काजूची धाकटी. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रजांमध्ये 'पंच'चे वेड पसरले. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसांचे हे पेय. त्याचे नाव आपल्या 'पाच' या शब्दावरूनच आले असे बरेच कोशकार मानतात. या पंचसाठी लंडनमध्ये दोन मालांची विशेष मागणी असे, एक बटाव्हियाचा अर्राक आणि दुसरा गोव्याचा. आपल्या रेंदेराने माडावर चढून काढलेल्या सुरेची दारू अडीचशे वर्षांपूर्वी लंडनच्या सभ्य मंडळींच्या टेबलावर मानाने जात होती!

मग ती कार्डावरून खाली कशी उतरली? चव बिघडली म्हणून नव्हे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर शेजारच्या ब्रिटिश मुलखासारखी अबकारी इथेही आली आणि माडांवरचा कर रेंदेरांच्या जिवावर उठला. तो करार १८९२ मध्ये संपला. पण खरी मेख पुढेच आहे. मुक्तीनंतर १९६४ चा अबकारी कायदा झाला. त्यात विदेशी मद्य वेगळे आणि 'कंट्री लिकर' वेगळी. भारतातच बनलेली व्हिस्की 'विदेशी' आणि आपली फेणी 'कंट्री'! कारकुनीत निम्मे आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटकन कळते. फायलीवर एकदा जो शिक्का बसला तो बसला, पुढची फाईल मागची बघून लिहिली जाते. या एका शब्दामुळे परराज्यात फेणी विकणे अवघड झाले आणि घरच्या मैदानावरही ती तावेर्नापुरती उरली. जे तावेर्नात मिळते ते चामडी कार्डावर कसे येणार?

खरे तर ती करण्याची रीत कुठल्याही वाईनइतकीच कसबाची आहे. झाडावरून आपसूक पडलेली पिकली बोंडे वेचायची, कोळंबीत तुडवायची, रस आंबवायचा आणि भाणात चढवायचा. पहिल्या वाफेची ती हुर्राक, मोसमापुरतीच मिळणारी, सौम्य. पुन्हा गाळली की फेणी. या सगळ्याला शब्द आहेत, मापे आहेत, हात बसलेली माणसे आहेत. नव्हता तो फक्त कागद.

तो कागद अलीकडे आला. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. पोर्टला ते पोंबालने दिले त्यानंतर अडीचशे वर्षांनी म्हणा! २०१६ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. आता काही चांगल्या हॉटेलांत ती दिसूही लागली आहे, पण बहुधा कॉकटेलमध्ये दडवून. नुसत्या नावानिशी, माडाची की काजूची, कुठल्या गावची, असे लिहिलेले कार्ड अजून विरळाच.

गंमत म्हणजे त्याच हॉटेलचे जेवण मात्र सुरेशिवाय होत नाही. विंदालू हा मूळचा वाईन-लसणीत मुरवलेला पोर्तुगीज पदार्थ. गोव्यात वाईनच्या जागी सुरेचा शिर्का आला आणि पदार्थाचे रूपच पालटले. सान्ना फुगते ती सुरेने. पावही पूर्वी सुरेनेच फुगे. ताटात सूर चालते, पेल्यात का चालू नये? जिथे विंदालू आहे तिथे माडाची फेणी शोभते, हे सांगायला फ्रेंच पंडिताची गरज नाही.

हे वाचून कुणी प्यायला लागावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या अनेक घरांत दारूने काय केले आहे ते आपण पाहिले आहे. जे घेत नाहीत त्यांच्यासाठी सुश्रुताने आंबट फळांचा रस सांगूनच ठेवला आहे, आणि आपल्याकडे त्याचे नाव सोलांची कढी! हुमण-शीत, तळलेला बांगडा आणि वर वाटीभर कढी, ही जोडी कुठल्याही तज्ज्ञाने तपासावी. तेलकट तिखटावर आंबट-थंड, म्हणजे चरकाचा नियमही पाळला गेला. पण कढीसुद्धा पेयांच्या कार्डावर क्वचितच सापडते. ती थाळीत फुकट येते म्हणून तिची किंमत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ते जाडजूड कार्ड समोर आले की घाबरू नका. सगळे वाचा आणि मग शांतपणे विचारा, "फेणी आहे? कुठल्या गावची?" किंवा "सोलांची कढी आहे?" नसेल तर नसू दे. चार गिऱ्हाइकांनी चार वेळा विचारले की मालक लिहून घेतो. कार्डावर नाव चढते ते असेच.