धुराची बखर

आमच्या आरोंद्यात नरक चतुर्दशीची पहाट धुरातूनच उगवत असे. चार वाजले नाहीत तोच न्हाणीतल्या भाणाखाली जाळ पेटे. नारळाची सोडणे, सुकी चुडते, करवंट्या, सारे जळण घरचेच; विकत आणायची ती फक्त आगपेटी. अंगाला तेल लावलेली आम्ही पोरे कुडकुडत रांगेत उभी असायचो आणि धुराने डोळे चोळायचो. अभ्यंग झाले, तुळशीपुढे कारीट फोडले, पोहे खाल्ले, की खाडीकडे धाव! तेव्हा दिसणारी शोभा मी अजून विसरलेलो नाही. घरोघरचा धूर वर न जाता माडांच्या झावळांखाली आणि तेरेखोलच्या पाण्यावर पातळ थराने पसरलेला असे, आणि पलीकडचे गोव्याचे किरणपाणी त्यात पार बुडून गेलेले असे.

ती शोभा म्हणजे काय होते, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. गार हवा जड. ती जागची हलत नाही आणि तिच्यात शिरलेला धूरही हलत नाही. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे गावावर झाकण बसते. आम्ही ज्याला शोभा म्हणत होतो, तीच हवा घरोघरची माणसे छातीत भरून घेत होती.

आमच्या आजीला खोकला होता. तिने जन्मात विडी ओढली नाही, तपकीर ओढली नाही. पण साठी उलटायच्या आतच तिला चार पायऱ्या चढताना दम लागे. त्याला सगळे म्हातारपणाचा खोकला म्हणत. धुराला दोष देणे तर तिला स्वतःलाच पसंत नव्हते. “धुरान काय होणा नाय, झिला. उलट घर टिकता,” असे ती म्हणे, आणि घराच्या बाबतीत तिचे म्हणणे खरेच होते. धुराने वासे-रिपांना कीड लागत नसे, चुलीवर टांगलेले सुके मासे पावसाळाभर टिकत. घर टिकले. आजी मात्र टिकली नाही.

हा लेख त्या धुराच्या इतिहासाचा आहे. त्यात दोन धूर आहेत, एक धुराड्याचा आणि एक चुलीचा. पहिला मुंबईच्या आकाशात दिसला, त्यावर कायदे झाले, योजना झाल्या. दुसरा घरात कोंडून राहिला, आणि त्याची दाद घ्यायला कोणी फारसे आले नाही.

आरोंद्याहून मुंबईला जाणे पूर्वी वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोटीने होत असे. ज्या मुंबईत हे चाकरमानी उतरत, तिची मोठी खूण म्हणजे गिरण्यांची धुराडी. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या कापडगिरणीचा घाट घातला आणि १८५६ पासून तिचे काम सुरू झाले. पुढे साठ वर्षांत मुंबईतल्या गिरण्या ऐंशीच्या वर गेल्या. प्रत्येकीला वाफेचे इंजिन, प्रत्येक इंजिनाला कोळशाची भट्टी. कामगारांच्या चाळी या भट्ट्यांच्या सावलीतच उभ्या राहिल्या.

याच काळात मुंबईने स्वच्छ जळणाचा पहिला प्रयोगही पाहिला. १८६५ च्या ऑक्टोबरात शहराच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. हा गॅस आजच्या सिलिंडरमधला नव्हे. दगडी कोळसा बंद भट्टीत, हवा लागू न देता तापवायचा. त्यातून सुटणारा वायू धुऊन घ्यायचा आणि नळांवाटे शहरात न्यायचा. दिवा जळे तिथे काजळी थोडी. डांबराचा दर्प आणि कोळशाची घाण मात्र गॅसच्या कारखान्याभोवती. लालबागेतली गॅस कंपनीची गल्ली त्या कारखान्याचे नाव अजून सांगते. धुराच्या इतिहासातला एक धडा येथेच मिळतो. एका ठिकाणी उजेड स्वच्छ झाला म्हणजे धूर नाहीसा झाला असे नव्हे. पुष्कळदा त्याने फक्त बिऱ्हाड बदललेले असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईचा धूर सरकारलाही सोसेना. १९१२ साली मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. त्याचा रोख गिरण्या-कारखान्यांच्या भट्ट्यांवर होता. त्या काळच्या धूरपरीक्षकांचे प्रसिद्ध साधन म्हणजे रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकाचा तक्ता. कागदावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटा छापलेल्या. धुराड्याच्या तोंडचा धूर त्यांच्याशी ताडून पाहायचा. म्हणजे जो धूर डोळ्यांना काळा दिसेल तोच धूर. चाळीतल्या खोलीतला करडा धूर आणि कोळशाच्या शेगडीचा न दिसणारा विषारी वायू कोणत्याच छटेत बसत नव्हता.

धुराड्याच्या धुरावर खरा उतारा कायद्याने काढला नाही. तो सह्याद्रीच्या पावसाने काढला. घाटमाथ्यावरचे पाणी अडवून त्याची वीज करावी आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालवाव्यात, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या स्थापत्यतज्ज्ञाने मांडली आणि जमशेदजी टाटांनी ती मनावर घेतली. १९०४ साली जमशेदजी वारले. काम पुढे दोराबजींनी नेले. १९११ मध्ये लोणावळ्याजवळ वळवणच्या धरणाची कोनशिला बसली, आणि १९१५ साली घाटमाथ्यावरून १७०० फुटांहून अधिक खाली खोपोलीला आणलेल्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली. हळूहळू गिरण्या विजेवर आल्या; जिथे वीज आली तिथे इंजिनाच्या भट्टीचा कोळसा सुटला. शहराची हवा सुधारायची तर धुराडे उंच करून भागत नाही, जळणच बदलावे लागते, हे मुंबईला तेव्हाच उमगले होते.

पण या निर्मळ विजेचाही जमाखर्च आहे. तिसऱ्या योजनेसाठी मुळा-निळेच्या संगमाजवळ मुळशीचे धरण ठरले, आणि मावळातल्या शेतकऱ्यांची भाताची खाचरे व देवळे पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झाले. १९२१ साली रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते या लढ्यात. १९२४ पर्यंत झुंज चालली. तुरुंगवास झाले, धरण मात्र थांबले नाही, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुंबईच्या आकाशातला काळिमा जितका पुसला गेला, त्याच्या किमतीत मावळ्यांच्या या जमिनीही होत्या. धूर हटवण्याचा खर्च कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

आणि घरातला धूर? तो आपल्या जागी होताच. १९२१ च्या शिरगणतीच्या वेळी मुंबईची निम्म्याहून अधिक वस्ती एकखोली बिऱ्हाडांत राहत होती. त्या खोलीतच स्वयंपाक, तिथेच निजणे, तिथेच बाळंतपण. वखारीतून आणलेली लाकडे नाहीतर शेगडीतला कोळसा. पेटलेल्या कोळशाचा धूर दिसेनासा झाला, की शेगडी खोलीत घेत आणि दार लावून घेत. इथेच घात असे. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. डोके जड होते, मळमळते, आणि बंद खोलीत माणूस निजल्या जागी दगावतो. धूर दिसत नाही म्हणून हवा स्वच्छ, ही समजूत कित्येकांना भोवलेली आहे.

पुढे स्टोव्ह आला. १८९२ साली स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस आपल्या घरात इतका रुळला, की कोणत्याही कंपनीच्या स्टोव्हला लोक प्रायमसच म्हणू लागले. लाकडापेक्षा घासलेटाने भांडी कमी काळी होत, पण वात आणि पिन बिघडली की काजळी व उग्र वास आलाच. मुंबईच्या चाळीत राहिलेले माझे काका सांगत, की स्टोव्ह फर्रफर्र वाजू लागला म्हणजे चाळ जागी झाली असे समजावे. मग १९५५ च्या सुमारास, तुर्भ्याला तेलशुद्धीकरणाचे कारखाने निघाल्यावर, बाटलीत भरलेला गॅस मुंबईच्या सुखवस्तू घरांत दिसू लागला. १९७४ साली समुद्रात ‘बॉम्बे हाय’चे तेल सापडले. तिथला नैसर्गिक वायू उरणला आला, आणि १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीने तो नळांवाटे स्वयंपाकघरापर्यंत नेला. १८६५ चा गॅस रस्त्यावरच्या दिव्याला मिळाला होता. घरच्या चुलीपर्यंत त्याचा वंशज पोहोचायला सव्वाशे वर्षे गेली.

घरातल्या विस्तवाचा आणि शहराच्या हवेचा संबंध जगाला पटला तो मोठी किंमत मोजून. १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखांच्या दरम्यान, लंडनवर दाट धुके बसले. आमच्या खाडीवर बसे तेच झाकण, पण खाली लक्षावधी घरांच्या शेकोट्यांतला गंधकयुक्त कोळसा. त्या धुक्याने सुमारे चार हजार माणसे मेली असा पहिला हिशेब झाला. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ साली इंग्लंडने कायदा केला, आणि त्यात कारखान्यांबरोबर घरची शेकोटीही आणली. न्यूयॉर्कची गोष्ट तर अलीकडची. तेथे इमारती उबदार ठेवण्यासाठी तळघरात मोठमोठे बॉयलर असतात. सर्वांत जड, डांबरासारखे तेल जाळणाऱ्या इमारती जेमतेम एक टक्का होत्या, पण त्यांची काजळी शहरातल्या सगळ्या मोटारी व ट्रक यांच्याहून अधिक असल्याचे निघाले. २०११ साली नियम झाला, २०१५ पर्यंत ते तेल बंद झाले, आणि हिवाळ्यात हवेतला गंधकवायू झपाट्याने उतरला.

आपल्याकडे चुलीचा धूर मोजायलाच फार उशीर झाला. १९८० च्या सुमारास कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातेतल्या काही खेड्यांत चुलीपुढच्या बायकांच्या अंगावर हवा मोजणारी उपकरणे बांधली. १९८३ मध्ये निष्कर्ष छापले गेले. त्या बायका गजबजलेल्या शहरी रस्त्यांपेक्षाही कित्येक पट गढूळ हवा घेत होत्या. यातले सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याचे. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराने जगभर सुमारे ३२ लाख माणसे मेली. आणि हा धूर घरात थोडाच राहतो? २०१५ सालच्या स्थितीवरील एका अभ्यासात, भारतात बाहेरच्या हवेतून माणसाच्या वाट्याला येणाऱ्या अशा सूक्ष्म कणांचा सुमारे चौथा हिस्सा घरगुती जळणाचा निघाला. आतला धूर आणि बाहेरचा धूर हे दोन शत्रू नव्हेतच. एकाच जाळाची ती दोन टोके आहेत.

मुंबईत हे काम अजून संपलेले नाही. गिरण्यांची धुराडी १९८२ च्या संपानंतर एकेक करून थंडावली, पण पावाच्या भट्ट्यांत लाकूड जळतच राहिले, आणि तेही पुष्कळदा जुन्या दारे-खिडक्यांचे, रंगाच्या पापुद्र्यांसकट. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जाण्यास बजावले. भट्टीवाले म्हणाले, खर्च कोण देणार, आणि पावाची चव राहील काय? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मुळशीच्या शेतकऱ्यानेही खर्चाचाच प्रश्न विचारला होता.

आरोंद्यातही गॅस आला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने कोकणातल्या पुष्कळ गरीब घरांत सिलिंडर पोहोचवला. पण सिलिंडरचा भाव चढला की चूल पुन्हा पेटते. आणि बहुतेक घरांत भात-आमटी गॅसवर नि आंघोळीचे पाणी मात्र जाळावर अशी वाटणी झालेली आहे. जळण परसात फुकट पडलेले, मग गॅस पाण्यावर का उधळायचा? धूर स्वयंपाकघरातून निघाला आणि न्हाणीत जाऊन बसला. त्यानेही बिऱ्हाडच बदलले म्हणायचे.

गेल्या वर्षी आम्ही छपरावर उन्हाने पाणी तापवणारा बंब बसवला. नरक चतुर्दशीला पहाटे तोटी सोडली, तो कढत पाणी आले. मुले तेल लावून उभी होती. कोणी डोळे चोळत नव्हते. खाडीवर नेहमीसारखा धूर होता, त्यात आमचा नव्हता एवढेच. आई आंघोळ करून बाहेर आली आणि जरा वेळ न्हाणीच्या रिकाम्या चुलीकडे पाहत राहिली.

“पाणी गरम होता,” ती म्हणाली, “पण धुराचो वास नाय तर चावदिस वाटणा नाय.”

मी काही बोललो नाही. ती मागचा जिना चढून सुकत घातलेले कपडे बघायला वर गेली, आणि मी खालून तिचा श्वास ऐकत राहिलो.