एकास हजार : एका कुपीवरच्या आकड्याचा इतिहास

मी डॉक्टर खरा, पण तत्त्वज्ञानातला. सुई टोचणारा नव्हे. तरीही आज औषधाच्या एका कुपीबद्दल बोलणार आहे. कारण तिच्यावरच्या आकड्यात भाषेचा एक जुना घोटाळा दडलाय.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करू. दसरा-दिवाळी झाली की बीडमधून माणसं ऊसतोडीला निघतात. फडाजवळ कोपी, अंथरूण जमिनीवर, बाहेर काळोख. मण्यार बहुतेक वेळा झोपलेल्या माणसालाच चावते. नाग, घोणस, फुरसं आहेतच. या चौघांवरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार होतं. मुंबईच्या हाफकिननं त्यात मोठं काम केलंय. पण घोड्याचं प्रथिन शरीराला परकं. कधी कधी सलाइनमधून ते जात असतानाच अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. म्हणजे उताराच उलटला!

या उलटण्याला नाव मिळालं १९०२ साली. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ कुत्र्यांना समुद्रफुलाचं विष टोचत होते. अपेक्षा अशी, की पहिल्या मात्रेनं सहनशक्ती वाढेल. झालं उलटंच. काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी थोड्या विषानं कुत्रा मेला. संरक्षणाच्या विरुद्ध, म्हणून 'अ‍ॅनाफिलॅक्सिस'. या कामाबद्दल रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं.

गंमत बघा, उपाय त्याआधीच बाजारात आला होता. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून अ‍ॅड्रेनलिन वेगळं काढलं आणि १९०१ च्या सुमारास पार्क-डेव्हिस कंपनीनं ते विकायला काढलं. द्रावणावर लिहिलं 'एकास हजार'. एक ग्रॅम औषध, हजार मिलिलिटर द्रावण. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम.

पुढे दुसरं द्रावण आलं, 'एकास दहा हजार'. ऐकायला हे जास्त कडक वाटतं ना? प्रत्यक्षात दहापट पातळ! एका मिलिलिटरमध्ये फक्त ०.१ मिलिग्रॅम. ते शिरेतून द्यायचं, उदाहरणार्थ हृदय बंद पडल्यावर. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे एकास हजारचं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, ठरलेल्या कमाल मर्यादेत. उतार पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. आता कुपी बदलली, किंवा स्नायूतली मात्रा शिरेत गेली, तर? एकीकडे औषध दहापट कमी पडतं, दुसरीकडे हृदयाची लयच बिघडते. आणि हा हिशेब करायचाय रात्री दोन वाजता, घाबऱ्या नातेवाइकांच्या गराड्यात.

आपल्याकडे 'प्रमाण' शब्दाचे दोन अर्थ. नैयायिकांचं प्रमाण म्हणजे खऱ्या ज्ञानाचं साधन. गणितातलं प्रमाण म्हणजे गुणोत्तर. या कुपीवर दुसरं प्रमाण पहिल्याच्या आड आलं. आकडा खरा, पण त्यातून ज्ञान होईना. शेवटी अमेरिकेत २०१६ मध्ये अशा लेबलांवरून गुणोत्तर काढून टाकलं. आता सरळ मिलिग्रॅम लिहितात. म्हणजे शतकाहून जास्त काळ गेला, मंडळी!

इंजेक्शन तुम्ही-आम्ही द्यायचं नाही, ते डॉक्टर-सिस्टरचं काम. पण प्रतिविष सुरू करण्याआधी अ‍ॅड्रेनलिन भरून उशाशी ठेवावं, हा नियम आहे. 'भरून ठेवलंय का, आणि किती मिलिग्रॅम?' एवढं नम्रपणे विचारायला काय हरकत आहे? तेही प्रमाणशास्त्रच.