हिस्सेरशी : संयुक्त करारांतील निधीची वाटणी व मर्यादा

हिस्सेरशी. — दोन किंवा अधिक पक्षांनी एखादे कार्य समाईक खर्चाने करावयाचे ठरविले असता, त्या खर्चाचा भार ज्याने त्याने ज्या प्रमाणात उचलावयाचा ते प्रमाण. शब्द जुन्या दप्तरातला आहे. परंतु भाऊबंदांच्या सामायिक विहिरीचा गाळ काढण्यापासून राज्याराज्यांतील धरणांपर्यंत त्याचा अर्थ पालटलेला नाही. करारनाम्यात प्रमाणाच्या जोडीला दुसरे एक कलम असते, ते मर्यादेचे. रुपयातले आणे कोणाचे किती हे प्रमाण सांगते, आणि एकंदर रुपये किती हे मर्यादा सांगते. पहिल्यावर करार करणारे महिनोन्महिने घासाघीस करतात, दुसरे दोन ओळींत उरकतात. आणि पुढील तंटे बहुधा त्या दोन ओळींतूनच उपजतात.

मराठी राज्यकारभारात या विषयाचे सर्वांत सूक्ष्म उदाहरण चौथाईच्या वाटणीचे. बाळाजी विश्वनाथाने १७१९ मध्ये दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, तेव्हा त्यांबरोबर पंधरा हजार फौज बादशाही चाकरीस ठेवण्याची आणि दहा लक्ष पेशकश भरण्याची जबाबदारीही आली. चौथाईच्या वसुलातून शेकडा २५ राजबाबती म्हणून छत्रपतींकडे, ६ साहोत्रा म्हणून पंतसचिवांकडे आणि ३ नाडगौंडा म्हणून छत्रपतींच्या मर्जीतल्या माणसांकडे जाई. उरलेला ६६ चा मोकासा फौज बाळगणाऱ्या सरदारांत वाटला जाई. ही सारी वाटणी प्रमाणाची होती, रकमेची नव्हे. म्हणून मुलूख उजाड झाला तर प्रत्येकाचा हिस्सा आपोआप आटे, परंतु फौजेचा खर्च मात्र आटत नसे. सरदारांच्या डोक्यावरचे कर्ज वाढत गेले, त्याच्या कारणांत हेही एक धरावयास हरकत नाही.

अर्वाचीन करारांत हिस्सा रोखीनेच द्यावा असा नियम नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेचा वाटा मात्र मुख्यतः गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्राच्या भागांच्या रूपाने यावयाचा आहे. अशा वस्तुरूप हिश्श्यात एक सोय आहे, ती ही की, यंत्र महागले तर ते महागणे देणाऱ्याच्या घरी राहते. तिलारी प्रकल्पात धरण महाराष्ट्राच्या हद्दीत असून पाण्याचा मोठा वाटा गोव्याकडे जातो, म्हणून खर्चाचाही मोठा वाटा गोव्यानेच उचलला. येथे लाभ हेच माप ठरले. मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या सुधारणेत रेल्वे आणि महाराष्ट्र शासन यांचा निम्मेनिम असा सरळ हिशेब झाला.

येथे एक कारकुनी बाब नमूद करणे अवश्य आहे, कारण करारावर सही करताना ती सहसा कोणाच्या ध्यानी नसते. राज्याने हिस्सा कबूल केला म्हणजे पैसा निघाला असे होत नाही. तो विधानमंडळाने त्या त्या वर्षी मंजूर केलेल्या तरतुदीतूनच निघतो, आणि ३१ मार्चला जे अखर्चित राहील ते व्यपगत होते. मार्चअखेरीस कोषागारात बिलांची जी झुंबड उडते तिचे मूळ यातच आहे. तात्पर्य, करारातील मर्यादा ही वरची कमान झाली. तिच्याखाली दरसालची एक ठेंगणी चौकट असते, आणि काम प्रत्यक्षात त्या चौकटीतून वाकून जाते.

प्रमाण चोख आणि मर्यादा अपुरी असली म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे तर कोकण रेल्वेकडे वळावे. १९ जुलै १९९० रोजी कंपनी म्हणून नोंदल्या गेलेल्या या महामंडळाच्या ८०० कोटी रुपयांच्या भागभांडवलात रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के, म्हणजे ४०८ कोटी. महाराष्ट्राचे २२ टक्के, म्हणजे १७६ कोटी. कर्नाटकाचे १५ टक्के, म्हणजे १२० कोटी. आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के, म्हणजे ४८ कोटी, अशी हिस्सेरशी ठरली. रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर या सुमारे ७४० किलोमीटरांच्या मार्गापैकी निम्मा महाराष्ट्रात पडतो, आणि केरळात एक रूळही पडत नाही. तरीही केरळ आणि शंभराहून अधिक किलोमीटर रूळ बाळगणारा गोवा यांचा हिस्सा सारखाच. यात विसंगती पाहणाऱ्याने इतके लक्षात घ्यावे की, मुंबईचे अंतर ज्याचे घटते त्यास आपल्या अंगणात रूळ असण्याची गरज नसते.

परंतु ही सारी काटेकोर वाटणी भागभांडवलाची होती, मार्गाच्या खर्चाची नव्हे. खर्च सुमारे साडेतीन हजार कोटींवर गेला. सह्याद्रीच्या पायथ्यातून नव्वदांवर बोगदे काढावे लागले, त्यांत रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून वाद माजून १९९३ मध्ये तेथील काम थांबले. आणि पेडण्याच्या बोगद्यात ओली, मऊ माती खणावी तो वरून आणखी ढासळे, अशी गत झाली. जानेवारी १९९८ मध्ये सबंध मार्गावर गाड्या धावू लागेतो काळ लोटला तो लोटलाच, शिवाय व्याजही चढले. भागीदारांची जबाबदारी भागांपुरती मर्यादित असल्याने वाढीव भार कर्जरोख्यांवर पडला, आणि कर्ज कोणाच्या हिश्श्यात नव्हते; ते महामंडळाच्या, पर्यायाने वाहतुकीच्या उत्पन्नाच्या माथी होते.

यातून भाड्याची एक चमत्कारिक रीत पडली. कोकण रेल्वेवर प्रत्यक्ष अंतर फुगवून भाडे आकारावयाचे, प्रवाशांसाठी ४० टक्क्यांनी आणि मालासाठी ५० टक्क्यांनी; म्हणजे शंभर किलोमीटर जाणाऱ्या चाकरमान्याच्या तिकिटात एकशेचाळीस किलोमीटर मोजले गेले. हा वस्तुतः सहावा भागीदार होय. त्याची सही करारनाम्यावर नव्हती, हिस्सा त्याचा कोणी ठरविला नव्हता, आणि गणपतीला गावी जाताना डब्यात दाराशी ट्रंकेवर बसून तो आपला हप्ता भरीत होता. तेवढ्यानेही ओझे हलके झाले नाही, तेव्हा रेल्वे मंत्रालयाच्या कर्जाचे रूपांतर अग्रहक्काच्या भागांत करावे लागले.

कर्ज फिटल्यावर मार्ग भारतीय रेल्वेच्या स्वाधीन करावा, अशी मूळ कल्पना होती. दुहेरी मार्ग आणि नवी स्थानके यांसाठी लागणारे भांडवल महामंडळाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने विलीनीकरणाची मागणी मात्र त्यापूर्वीच पुढे आली. महाराष्ट्राने २०२५ मध्ये तीस संमती दिली, ती दोन अटींवर : ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे, आणि राज्याने घातलेली रक्कम परत मिळावी.