समोरासमोरची दोन बेटे

मुंबई बंदराच्या पाण्यात दोन बेटे समोरासमोर आहेत. एक तुर्भे, म्हणजेच ट्रॉम्बे, दुसरे घारापुरी. ट्रॉम्बे आज भराव आणि रस्त्यांमुळे मुंबईत मिसळून गेले आहे, पण जुन्या काळी खाडी आणि दलदलीने साष्टीपासून तुटलेले ते बेटच होते. घारापुरी मात्र अजूनही चहूबाजूंनी पाण्यात आहे. अणुशक्तीचा इतिहास सांगताना या दोघांना शेजारी बसवून कोणी पाहत नाही. आज आपण ते पाहू.

डॉ. होमी भाभांच्या नेतृत्वाखाली १९५४ साली ट्रॉम्बेला अणुशक्ती संस्था सुरू झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. इंधन ब्रिटनचे, पण बांधणी आपल्याच शास्त्रज्ञांची आणि अभियंत्यांची. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ही पहिली अणुभट्टी. १९६६ मध्ये विमान अपघातात भाभा गेले आणि पुढच्या वर्षी संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

आता समोरचा किनारा. घारापुरीवर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. लेण्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण गावकऱ्यांच्या वाट्याला जनित्रावरची, संध्याकाळच्या काही तासांचीच वीज होती. समुद्रतळातून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून फेब्रुवारी २०१८ मध्ये वीज पोहोचली. म्हणजे ‘अप्सरा’नंतर तब्बल एकसष्ट वर्षांनी! योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ची नवी, सुधारित अणुभट्टी सुरू झाली.

हा दोष अणुभट्टीचा मानणे बरोबर नाही. ‘अप्सरा’ संशोधनासाठी होती, वीज करण्यासाठी नव्हे. अणुवीज आपल्याकडे १९६९ साली तारापूरला सुरू झाली. ती कोळशाच्या आणि पाण्याच्या विजेत मिसळून तारांतून वाहते. कोणत्या दिव्यात कोणती वीज जळते, हे सांगता येत नाही. घारापुरीला अडचण होती ती तारेची.

याच्या उलट गोष्ट आमच्या चाकूरकडची. ट्रॉम्बेपासून आम्ही सुमारे पाचशे किलोमीटर दूर. पण किरणोत्साराने बियाण्यात बदल घडवून तयार केलेल्या वाणाशी संकर करून ट्रॉम्बे आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने उडदाचा ‘टीएयू-१’ हा वाण काढला. तो १९८५ साली प्रसारित झाला आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी उचलून धरला. नावातला ‘टी’ ट्रॉम्बेचा आणि ‘ए’ अकोल्याचा. उडीद पिकवणाऱ्या आमच्या भागाला हे नाव परके नाही. भट्टीसमोरच्या बेटावर पुरता दिवा लागण्याच्या तेहतीस वर्षे आधी ट्रॉम्बेचे संशोधन पाभरीतून शेतात उतरण्याची वाट मोकळी झाली होती.

कारण बियाणे पिशवीतून, एसटीच्या टपावरून, या शेतकऱ्याकडून त्या शेतकऱ्याकडे जाते. विजेला मात्र खांब लागतो, केबल लागते, आणि हजार-बाराशे वस्तीसाठी तो खर्च करण्याची कोणाची तरी तयारी लागते. म्हणून विज्ञानाच्या इतिहासात प्रत्येक शोधापुढे दोन तारखा लिहाव्यात, असे मला वाटते: शोध लागला ती एक आणि तो शेवटच्या घरी पोहोचला ती दुसरी. पहिली तारीख शास्त्रज्ञ ठरवतात. दुसरी आपण सर्वांनी मिळून ठरवायची असते.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)