वळिवडे : दोन निर्वासित समाजांचा आसरा

कोल्हापूरनजीकचे वळिवडे हे गाव आपल्या परिचयाचे आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती, हे नव्या पिढीस क्वचितच ठाऊक असेल.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरले. १९४० व १९४१ या दोन वर्षांत तेथील लाखो नागरिकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानात नेण्यात आले. थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी कुटुंबेच्या कुटुंबे उद्ध्वस्त झाली. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि राजकारणाची दिशा पालटताच या बंदिवानांची सुटका झाली. १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक इराणात पोहोचले. त्यांतील काही पुढे भारतात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे निराधार मुलांना आश्रय दिला, तर १९४३ मध्ये करवीर संस्थानाच्या भूमीवर वळिवड्याची वसाहत उभी राहिली.

या वसाहतीत प्रामुख्याने स्त्रिया, मुले व वृद्ध होते. बराकींच्या रांगांबरोबरच तेथे शाळा, रुग्णालय आणि प्रार्थनामंदिर होते. मुले आपल्या मातृभाषेत शिकत होती. अन्न व छप्पर यांइतकीच भाषा आणि श्रद्धा जपण्याची मोकळीक निर्वासितास हवी असते. ती येथे लाभली.

१९४५ साली महायुद्ध संपले, पण घरची वाट खुली झाली नाही. सीमा बदलल्या होत्या. अनेकांची गावे आता सोव्हिएत संघात गेली होती. विजयी पक्षाचे असूनही ते बेघरच राहिले. १९४८ मध्ये वसाहत बंद झाली. काहीजण पोलंडला परतले, तर पुष्कळजण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत कायमचे स्थिरावले.

तोवर फाळणीने सिंधमधील लाखो लोकांना बेघर केले होते. त्यांतील अनेक कुटुंबांना याच वसाहतीत निवारा मिळाला. त्यांच्या कष्टांतून आजचे गांधीनगर आणि तेथील प्रसिद्ध कापड बाजारपेठ आकारास आली.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मृतिचिन्ह आहे, तर पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे, कोल्हापूरचे कृतज्ञता-स्मारक आहे. आपल्या मुलांना उद्यानात न्यावे व हा वृत्तांत सांगावा. आश्रय घेणाऱ्यांनी तो विस्मृतीत जाऊ दिला नाही; आश्रय देणाऱ्या भूमीच्या लेकरांनीही तो जतन करावयास हवा.