बंदिश म्हणजे खुंटी?

हिंदुस्थानी संगीतात रचनाकार नसतो, असं आपल्याकडचे जाणते रसिकसुद्धा बिनदिक्कत म्हणतात. वाग्गेयकार ही दक्षिणेची गोष्ट. त्यागराजांची कृती गायची म्हणजे ती कृतीच गायची. आपली बंदिश मात्र चार ओळींची, राग टांगण्यापुरती खुंटी. खुंटी सागाची की बाभळीची, कोण बघतो? त्यातून विसाव्या शतकात एखाद्या मराठी माणसानं ब्रजभाषेत बंदिश बांधली, तर ती जुन्याची नक्कल म्हणून मोडीत.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. तासाभराच्या ख्यालात बांधलेला मजकूर थोडा आणि उपज फार, हे कबूलच करायला हवं. अडचण निष्कर्षाची आहे, आणि ती दाखवायला माझ्यापुरतं एक उदाहरण पुरतं.

पं. चिंतामण रघुनाथ व्यास ९ नोव्हेंबर १९२४ रोजी उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, जन्मले. तेव्हा हा मुलूख निजामाचा. घर संस्कृत विद्येचं आणि कीर्तनाचं. पहिली तालीम किराण्याच्या गोविंदराव भातंब्रेकरांकडे. पुढं मुंबईत ग्वाल्हेरच्या राजारामबुवा पराडकरांकडे, आणि मग आग्र्याच्या जगन्नाथबुवा पुरोहितांकडे. बुवा ‘गुणिदास’ या मुद्रेनं बंदिशी बांधत. शिष्यानं ‘गुणिजान’ ही मुद्रा घेतली आणि दोनशेवर बंदिशी रचल्या. ‘राग सरिता’ हा त्यांचा रचनासंग्रह. तरी १९८७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो गायक म्हणून. वेगळं काही घडणं शक्यही नव्हतं म्हणा. हिंदुस्थानी बंदिशकाराचा रकाना कुणी आखलाय?

आता ‘दक्षिणेची गोष्ट’ घेऊ. वाग्गेयकाराची काटेकोर व्याख्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीत रत्नाकरा’त सापडते, आणि तो ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत, म्हणजे मराठवाड्यातच, लिहिला गेला. शब्द तो मातु, स्वररचना तो धातु. दोन्ही ज्याला साधतं तो वाग्गेयकार. धातु उत्तम पण मातु मंद असेल तर तो मध्यम. आणि दुसऱ्याच्या चालीवर नुसते शब्द बसवणाऱ्यासाठी तर वेगळंच नाव आहे, कुट्टिकार. नक्कल आणि निर्मिती यांतला भेद आपल्याच मातीतल्या ग्रंथानं सातशे वर्षांपूर्वी केला असताना, सगळ्या नव्या बंदिशकारांना एका दावणीला बांधण्यात कसला विवेक?

खुंटीचा दृष्टांतही फसवा आहे. खुंटी नसली तरी अंगरखा अंगरखाच राहतो. राग तसा राहत नाही, आणि नवा राग तर मुळीच नाही. जगन्नाथबुवांचा जोगकंस घ्या. दोन गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद, एवढं कागदावर लिहून दिलं तर हाती स्वरांची यादी येते. जोग कुठं सोडायचा, चंद्रकंसाचा रंग कुठं भरायचा, दोन गंधारांची गाठ कशी घालायची, हे उमगतं ते बुवांच्या बंदिशी गळ्यात बसल्यावर. व्यासांचा धनकोनी कल्याण तसाच. नुसत्या आरोह-अवरोहावर तो कुणी शिकवून दाखवावा! मुखडा कोणत्या मात्रेपासून उचलला, सम कोणत्या स्वरावर ठेवली, अंतरा तारषड्जाला कुठून भिडला, हे तीन निर्णय गायकाच्या पुढच्या तासाभराच्या वाटा आखून देतात. गवई वाटेल तसा हिंडला, तरी दर आवर्तनाला त्या मुखड्यावरून समेवर येतोच.

ब्रजभाषेच्या आक्षेपाला फार वेळ देण्याची गरज नाही. नामदेवांची हिंदी पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. मराठी माणसानं उत्तरेच्या बोलीत रचना करणं हा कालपरवाचा हव्यास नव्हे. शिवाय कीर्तनकाराच्या घरी वाढलेल्या मुलाला अर्थ चालीपासून वेगळा करायचा नसतो, हे कानानंच कळतं. साकी, दिंडी, आर्या या शब्द आणि चाल एकत्र घेऊनच येतात.

तीन घराण्यांच्या सरमिसळीत स्वतःचं काही उरत नाही, असाही एक टोला असतो. मला नेमकं उलट वाटतं. किराण्याची स्वराची आस, ग्वाल्हेरची स्थायी-अंतरा पुरा मांडण्याची शिस्त, आग्र्याची बोलांशी झुंज, या तिन्हींना एका छपराखाली नांदवायला जुन्या बंदिशी अपुऱ्या पडल्या असाव्यात. म्हणून तर नव्या बांधाव्या लागल्या.

राहिला रचनाकार अनाम असल्याचा मुद्दा. सदारंग, प्रेमपिया, सबरंग, गुणिदास यांची नावं त्यांच्या बंदिशींतच, बहुधा अंतऱ्यात, ओवलेली आहेत. विलंबितात अंतरा गाळून थेट तानांवर झेप घेण्याची चाल आता अंगवळणी पडली आहे. नाव ऐकू कुठून येणार?